1000 हॉर्सपॉवरच्या टर्बो सिल्व्हरॅडोसाठी ब्लॉक कोणता घ्यावा: 5.3, 6.0 की अ‍ॅल्युमिनियमचा 6.2?

तुमचं गणित असं आहे: 2004 ची शेव्हरले सिल्व्हरॅडो (पिकअप ट्रक), आत मूळचं 5.3 लिटरचं एलएम7 इंजिन, एक मोठा टर्बो, ई85 (बहुतांश इथेनॉलचं) इंधन आणि चाकावर 1000 हॉर्सपॉवर. एका दुकानदाराने सांगितलंय की 5.3 छोटं पडेल, एलक्यू9 इंजिनाचा 6.0 लिटरचा ब्लॉक (सिलिंडर असलेला मुख्य सांगाडा) घ्या आणि त्याचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, 4.060 इंचापर्यंत वाढवून घ्या. शिवाय वजन वाचवायला अ‍ॅल्युमिनियमचा 6.2 घ्यावा का आणि टर्बो कोणत्या मापाचा, हेही विचारलंय.

4.060 हा आकडा वाचला म्हणून हे लिहितोय. टर्बोच्या इंजिनात भिंत खरवडून लिटर वाढवायचा सल्ला देणारे लोक अजून धंद्यात आहेत याचा मला मनापासून संताप येतो. कारण भुर्दंड त्यांना बसत नाही, गाडीवाल्याला बसतो.

टेक्सासमधल्या आमच्या मशीन शॉपमध्ये अगदी याच मापाचं 6.0 आलं होतं. मालकाची तक्रार: जोर लावला की कूलंट टाकीतून बाहेर फेकलं जातं. त्याने हेड गॅस्केट बदललं होतं, बोल्ट काढून स्टड (दोन्ही टोकांना आटे असलेले दांडे) घातले होते, हेडचा फेस मारून घेतला होता. फरक शून्य. आदल्या दुकानाने ब्लॉक थंड असताना हवेच्या दाबाने तपासला होता आणि पास केला होता. आम्ही ब्लॉकमधून गरम पाणी फिरवून दाब दिला, तेव्हा सहा नंबरच्या सिलिंडरमध्ये, बाहेरच्या भिंतीवर, उभ्या रेषेत पाणी झिरपायला लागलं. केसाएवढा तडा. थंड असताना तो मिटतो, तापला की उघडतो.

मग अल्ट्रासॉनिक मापकाने भिंती मोजल्या. सहा नंबरची बाहेरची भिंत 0.138 इंच, त्याच सिलिंडरची आतली, व्हॅलीकडची (सिलिंडरच्या दोन रांगांच्या, म्हणजे बँकांच्या, मधल्या खोलगटाकडची) भिंत 0.245. त्या बँकेच्या चारही सिलिंडरची हीच गत: बाहेर पातळ, आत जाड. म्हणजे ब्लॉक ओतताना वॉटर जॅकेटचा कोअर (पाण्याची पोकळी घडवणारा साचा) आतल्या बाजूला सरकला होता. कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत काम केलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही. कोअर थोडाफार सरकतोच. कंपनीने तो ब्लॉक 4.000 इंच बोअर आणि मूळच्या ताकदीसाठी पास केला, त्यात काही चुकलं नाही. पुढे कोणीतरी न मोजता प्रत्येक बाजूने आणखी 30 थाऊ (इंचाचे हजारावे भाग) काढले, ही चूक.

आणि पातळ भिंत नेमकी वाईट जागी आली. समोरून बघितलं तर हे इंजिन घड्याळाच्या काट्यासारखं फिरतं, त्यामुळे स्फोटाच्या वेळी पिस्टन प्रत्येक सिलिंडरच्या पॅसेंजरकडच्या भिंतीवर रेटला जातो. पॅसेंजर बँकेत, म्हणजे 2, 4, 6, 8 मध्ये, ती बाहेरची भिंत. ड्रायव्हरच्या बँकेत ती व्हॅलीकडची भिंत. सगळी सरासरी काढून "भिंत ठीक आहे" म्हणणाऱ्याला ही बाजूच माहीत नसते.

तडा ही शेवटची पायरी. त्याआधी बरंच काही घडून गेलेलं असतं. बूस्टखाली, म्हणजे टर्बोने वाढवलेल्या हवेच्या दाबाखाली, पातळ भिंत पत्र्याच्या डब्यासारखी फुगते, बोअर क्षणभर गोल राहत नाही, रिंगांची पकड सुटते. क्रँककेसमध्ये दाब वाढतो, ब्रीदरमधून तेल उडतं, त्यातलं काही परत ज्वलनकक्षात जातं. तेलाने इंधनाचा ऑक्टेन घसरतो आणि डिटोनेशन (इंधनाचा अवेळी, एकदम होणारा स्फोट) सुरू होतं. मग पिस्टनची रिंग लँड (रिंगांच्या मधली कड) तुटते आणि सगळे ट्यूनरच्या नावाने खडे फोडतात. या गाडीतही दोन पिस्टनच्या लँड तुटलेल्या होत्या.

आता हे सगळं कशासाठी केलं ते बघा. 6.0 चा स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) 3.622 इंच. 4.000 बोअरला 364 घन इंच होतात, 4.060 ला 375. म्हणजे 3 टक्के वाढ. 20 पीएसआय बूस्टला मॅनिफोल्डमध्ये निरपेक्ष दाब साधारण 34.7 असतो, त्याचे 3 टक्के म्हणजे एक पीएसआय. बूस्ट कंट्रोलरवर एक पीएसआय वाढवायला काही खर्च नाही. तोच एक पीएसआय मिळवायला भिंतीतलं 30 थाऊ बीड काढून टाकायचं? टर्बो नसलेल्या इंजिनात ती 3 टक्के दुसरीकडून येत नाहीत, तिथे बोअरिंगला अर्थ आहे. इथे नाही.

आता तुमचे तीन ब्लॉक. जीएमच्या या एलएस घराण्यातल्या सगळ्या ब्लॉकमध्ये दोन बोअरच्या मध्यबिंदूंतलं अंतर 4.400 इंच असतं. त्यातून बोअर वजा केला की गॅस्केटला दोन सिलिंडरच्या मध्ये किती जागा मिळते ते कळतं. 5.3 चा बोअर 3.780, म्हणून 0.620 इंच. 6.0 ला 0.400. तुमच्या दुकानदाराच्या 4.060 ला 0.340. अ‍ॅल्युमिनियमच्या 6.2 चा बोअर 4.065, तिथे 0.335, आणि त्यातही कडेला बिडाचं पातळ लायनर. बोल्टची रचना सगळ्यांत सारखीच: प्रत्येक सिलिंडरभोवती चार एम11 (11 मिमीचे), ते शेजाऱ्याबरोबर वाटून घेतलेले, शिवाय प्रत्येक हेडच्या व्हॅलीकडच्या कडेला पाच छोटे एम8. 4.000 बोअरवर 1500 पीएसआय दाब धरला तर एका सिलिंडरवर हेड उचलणारं बल साडेआठ टनांच्या आसपास जातं. स्ट्रोक आणि आरपीएम सारखे ठेवून तेवढीच ताकद काढली तर 5.3 मध्येही बल तेवढंच येतं, कारण दाब वाढवावा लागतो. त्यामुळे 5.3 मध्ये बोल्टला आराम मिळतो असं नाही. गॅस्केटला मात्र बसायला दीडपट जागा मिळते.

अ‍ॅल्युमिनियम तुमच्यासाठी नाही. साधारण 35 किलो वाचतात, पण एवढ्या जड ट्रकमध्ये ते जाणवणार नाहीत. ड्रॅग कारवाल्याने चांगली स्लीव्ह बसवून घेतली तर गोष्ट वेगळी, पण त्या खर्चात बिडाचं सगळं इंजिन उभं राहतं.

एलक्यू9 साठी जादा पैसे देऊ नका. एलक्यू4 आणि एलक्यू9 चा ब्लॉक एकच आहे. फरक पिस्टनचा: एलक्यू9 चे सपाट, 10 कॉम्प्रेशनचे, एलक्यू4 चे खोलगट, 9.4 चे. तुम्ही फोर्ज्ड (घडीव) पिस्टन घालणार, म्हणजे ते दोन्ही भंगारातच जाणार. एलक्यू9 एस्कलेड आणि सिल्व्हरॅडो एसएसमध्ये यायचं, त्या नावाचीच किंमत लावतात. 2500 एचडी ट्रकमधलं साधं एलक्यू4 शोधा, त्याच्यामागचा 4एल80-ई गिअरबॉक्सही सोबत उचला. तुमच्या ट्रकमधला 4एल60-ई या ताकदीला टिकणार नाही. 1999-2000 चं एलक्यू4 टाळा, त्याच्या क्रँकचा मागचा फ्लँज लांब आहे आणि फ्लेक्सप्लेट (क्रँक आणि गिअरबॉक्स जोडणारी चकती) बसवताना खटाटोप होतो.

माझं मत स्पष्ट आहे: चाकावर 1000 साठी बिडाचा 6.0, 4.000 किंवा जास्तीत जास्त 4.005 बोअरवर. 4.005 चे फोर्ज्ड पिस्टन सहज मिळतात, झिजलेला बोअर साफ करायला पाच थाऊ बहुतेक वेळा पुरतात. पाच थाऊत साफ होत नसेल तर दुसरा ब्लॉक शोधा. तुमचा 5.3 मापात चांगला निघाला तर तोही चालेल. 325 घन इंच आहे, म्हणून त्याच ताकदीला चारेक पीएसआय जास्त लागेल आणि टर्बो थोडा उशिरा जागा होईल.

मशीन शॉपला काम देताना क्रम सांभाळा. आधी धुलाई आणि मॅग्नाफ्लक्स (चुंबकाने तडे शोधणारी तपासणी), मग भिंतींची मोजणी, आणि ती पास झाल्यावरच पिस्टन मागवा. प्रत्येक सिलिंडरला चार दिशा आणि वर, मध्ये, खाली अशी बारा मापं कागदावर मागा. पिस्टन रेटला जातो त्या भिंतीला मी 0.200 च्या खाली 1000 च्या कामाला हात लावत नाही. इतर बाजूंना 0.150 पर्यंत चालवून घेतो. होनिंग (बोअर घासून अचूक करणं) टॉर्क प्लेट (हेडसारखा ताण देणारी जाड प्लेट) लावून, आणि जे स्टड व गॅस्केट इंजिनात जाणार तेच लावून. मेन कॅपला (क्रँक धरून ठेवणाऱ्या कॅपला) स्टड घातले की मेन बोअरचं (क्रँक बसतो त्या भोकाचं) माप बदलतं, ते साधारण 2.751 इंच असायला हवं. मोजून गरज पडली तर अलाइन होन (सगळे मेन बोअर एका रेषेत घासून घेणं). "पूर्वी कधी केलं नाही, काही झालं नाही" म्हणणाऱ्या दुकानातून ब्लॉक उचलून घरी आणा. वरच्या रिंगेचा गॅप (टोकांमधली फट) ई85 वर, 4.005 बोअरला, 26 ते 28 थाऊ. मूळचा गॅप ठेवलात तर तापल्यावर रिंगेची टोकं एकमेकांना भिडतात आणि लँड उखडते.

जोडणीत दोन जागी चांगले ब्लॉक मरतात. हेड बोल्टची भोकं खाली बंद आहेत. त्यांत कूलंट किंवा तेल राहिलं आणि स्टड आवळला, तर अडकलेला द्रव ब्लॉक आतून फोडतो. आटे टॅपने साफ करा, मग हवेने, मग कापडाने, आणि बॅटरी लावून तळ बघा. दुसरी जागा: ब्लॉकच्या मागच्या टोकाला तेलाच्या गॅलरीत प्लास्टिकचा डंबेलसारखा प्लग असतो, त्यावर ओ-रिंग. धुलाईला जाताना तो निघतो आणि परत घालायचा राहतो. मग काही तेल फिल्टरला वळसा घालून जातं, दाब पडतो आणि लोक ऑइल पंप बदलत बसतात.

तुमचा ट्रक 2004 चा, म्हणजे कॉम्प्युटरला क्रँकची जागा ओळखायला क्रँकवर 24 दातांचं चाक लागतं. 2007 नंतरचा जेन 4 (पुढच्या, चौथ्या पिढीचा) ब्लॉक, जसा एलवाय6, घेतला तर त्यात 58 दातांचं चाक, कॅम सेन्सर पुढच्या कव्हरवर आणि नॉक सेन्सर ब्लॉकच्या बाजूला. ब्लॉक चांगलाच आहे, पण ही जुळवाजुळव धरून पैसे मोजा.

हे सगळं रस्त्यावर चालवायच्या ट्रकसाठी. ट्रेलर ओढणार असाल तर ब्लॉकच्या वॉटर जॅकेटमध्ये ग्राउट (सिमेंटसारखं मिश्रण) भरायचा सल्ला कोणी दिला तरी ऐकू नका. भिंतीला आधार मिळतो, पण तेलाचं तापमान चढतं. चारही कोपऱ्यांचे स्टीम पोर्ट (हेडमधली वाफ बाहेर काढणारी भोकं) जोडून घ्या, कंपनीने मागचे दोन बंद केलेले असतात. आणि क्रँकवर (चाकावर नव्हे) 1300-1400 हॉर्सपॉवरच्या पुढे जायचा मनसुबा असेल तर वरचं सगळं विसरा, प्रत्येक सिलिंडरला सहा बोल्टवाला एलएसएक्स किंवा डार्टचा ब्लॉक घ्या. जुन्या 6.0 वर दोनदा खर्च करण्यापेक्षा तो स्वस्त पडतो.

टर्बोचं माप विचारलं होतंत, ते ब्लॉक आणि हेड ठरल्याशिवाय सांगण्यात अर्थ नाही. ब्लॉकच्या मोजणीचा कागद हातात आला की आठही सिलिंडरचे आकडे खाली टाका.