एक्स्पोजर म्हणजे नेमकं काय? गावाकडच्या मुलांना ते कमी मिळतं म्हणतात, ते खरं आहे का?

कॅमेऱ्यातलं एक्स्पोजर कुठलाही फोटोग्राफर सांगेल. बाजारात तुमचा किती पैसा जोखमीत अडकलाय, त्यालाही एक्स्पोजर म्हणतात. मी एक्सरे टेक्निशियन आहे, मला त्याचा तिसरा अर्थ रोज लागतो. बटण दाबलं की क्षणभर किरण सुटतात, ते एक्स्पोजर. केव्हीपी, म्हणजे नळीचा व्होल्टेज, वाढवला की किरण जास्त आरपार जातात; एमएएस, म्हणजे करंट गुणिले वेळ, वाढवला की त्यांचं प्रमाण वाढतं. आणि त्यातले जे आपल्या अंगावर येतात, तेही एक्स्पोजरच.

डिप्लोमा झाल्यावर मामांनी ओळखीने मला तालुक्याच्या एका खासगी दवाखान्यात बिनपगारी लावलं. "पैशाकडे बघू नकोस, एक्स्पोजर मिळतंय ना!" मी टीएलडी बॅज, म्हणजे अंगावर किती किरण पडले ते मोजणारा बिल्ला, मागितला, तर मॅनेजर म्हणाले, तो फक्त पर्मनंट लोकांना. किरण अडवणारा शिशाचा (लेड) अ‍ॅप्रन एकच, तोही घड्या घालून घालून भेगा पडलेला. लहान मूल हलायला लागलं की धरायला मलाच आत पाठवायचे. वास्तविक मूल धरायचं ते नातेवाइकाने, अ‍ॅप्रन घालून, आणि गरोदर बाईने तर नाहीच. कारण नातेवाईक एकदा येतो, आम्ही रोज तिथेच असतो. एकदा मी अ‍ॅप्रन बाळाच्या वडिलांना घातला, बाळ त्यांच्याकडे दिलं आणि पार्टिशनमागे जाऊन उभा राहिलो. मॅनेजर सगळ्यांसमोर ओरडले, "शिकायचंय की नाही तुला?" मी ती जागा सोडली. मामा आजही लग्नाकार्यात सांगतात, पोरगा टिकला नाही.

मामांना माझं उत्तर हेच आहे: एडिसनचा मदतनीस क्लॅरेन्स डॅली एक्सरेच्या प्रयोगात सारखा स्वतःचा हात किरणांत धरायचा. दोन्ही हात कापावे लागले आणि 1904 मध्ये तो गेला. तेव्हा किरणांचा धोका फारसा कुणाला माहीत नव्हता. आज किरणांजवळ काम करणाऱ्यांसाठी अणुऊर्जा नियामक मंडळाची मर्यादा ठरलेली आहे: पाच वर्षांची सरासरी काढून वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट (किरणांचा डोस मोजायचं एकक), आणि कुठल्याही एका वर्षात 30 च्या वर नाही. बॅजच नसेल तर हे मोजणार कशावर? किरणांजवळ काम करणारा शिकाऊ असला तरी त्याला बॅज हवाच.

गावाकडच्या मुलांबद्दल विचारलंत. त्यांना संधी कमी मिळतात, हे खरंच आहे. पण म्हणून त्यांना फुकट राबवून घेणं मला मान्य नाही. शिकवणारा सीनियर आहे का, पगार किती, बॅज कधी देणार, हे पहिल्याच दिवशी विचारा. पुढच्या नोकरीत मला पोझिशनिंग, म्हणजे एक्सरेसाठी पेशंटला नीट कसं ठेवायचं ते, शिकवलं ते एका सीनियर ताईंनी, पगार चालू असताना.

एक मात्र, हे वाचून डॉक्टरांनी सांगितलेला एक्सरे टाळू नका. छातीच्या एका एक्सरेचा डोस साधारण 0.1 मिलिसिव्हर्ट किंवा त्याहून कमी असतो. निसर्गातून आपल्याला वर्षाला सरासरी 2.4 तसेही मिळतात. गरोदर असाल किंवा तशी शंका असेल, तर आत जाण्याआधी टेक्निशियनला सांगा.