कोलाज, पापिए कोले आणि कात्रण

प्रश्न असा आहे: पिकासो आणि ब्राक या चित्रकारांच्या वर्तमानपत्र चिकटवलेल्या चित्रांना कुणी ‘कोलाज’ म्हणतं, कुणी ‘पापिए कोले’. दोन्ही एकच का? आणि मराठीत काय म्हणावं?

एकच नाहीत. फ्रेंचमध्ये ‘कोल’ म्हणजे खळ, डिंक. ‘कोलाज’ म्हणजे चिकटवण्याचं काम, मग चिकटवलेलं काहीही असो. ‘पापिए कोले’ म्हणजे चिकटवलेला कागद. मे १९१२ मध्ये पिकासोने वेताच्या विणीचा छाप असलेलं मेणकापड एका लंबगोल स्थिरचित्रावर चिकटवलं आणि कडेने दोर लावला. हे कोलाज आहे, पण पापिए कोले नव्हे. त्यात वर्तमानपत्र सुचवणारी अक्षरं दिसतात, पण ती चिकटवलेली नाहीत, रंगवलेली आहेत. कागद चिकटवायला सुरुवात ब्राकने केली, त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये. लाकडाच्या रेषा छापलेला भिंतीचा कागद त्याने फ्रान्समधल्या आव्हिन्यों शहरातल्या दुकानातून आणला होता. त्याच्या घरी रंगारीकामाचाच धंदा, आणि तोही ते काम शिकलेला. म्हणून मला ‘चिकटचित्र’पेक्षा आपलं शाळेतलं ‘चिकटकाम’ मूळ शब्दाच्या जवळचं वाटतं. त्यालाही हाताला लागलेल्या खळीचा वास आहे. कलाप्रकाराचं नाव म्हणून मात्र ‘कोलाज’ रुळलाय, तो खुशाल वापरावा.

मेणकापडाच्या चित्रात रंगवलेली तीन अक्षरं (JOU) म्हणजे ‘जूर्नाल’, म्हणजे वर्तमानपत्र, या शब्दाची सुरुवात. हा शब्द ‘जूर’ म्हणजे दिवस यावरून आला, अगदी आपल्या ‘दिना’वरून ‘दैनिक’ यावं तसा. पण त्याच तीन अक्षरांनी ‘जुए’ म्हणजे खेळणं हा शब्दही सुरू होतो. ‘दैनिक’ कुठेही तोडलं तरी त्यातून खेळ निघत नाही. इथे भाषांतर हात टेकतं, तेव्हा फोड करून सांगणंच बरं.

राहता राहिला चिकटवलेला कागद. त्याला ‘तुकडा’ म्हणू नये, ‘कात्रण’ म्हणावं. तुकडा कशाचाही होतो. कात्रण कात्रीने, निवडून काढलेलं असतं आणि ते वाचण्याजोगं असतं. पिकासोच्या ‘सूझ’ या फ्रेंच मद्याच्या बाटलीच्या चित्रात नोव्हेंबर १९१२ च्या वर्तमानपत्राचे रकाने आहेत, काही उलटे लावलेले. बाल्कन युद्धाच्या त्या बातम्या मान वाकडी केली तर आजही वाचता येतात.