‘समग्र आरोग्य’ शिकायचे आहे, पण कोठे?

प्रश्न : मी नागपुरात प्रतापनगर भागात राहते. यंदा विज्ञान शाखेतून बारावी उत्तीर्ण झाले असून ‘नीट’मध्ये मध्यम गुण मिळाले आहेत. रामनगरच्या योगाभ्यासी मंडळात जाऊ लागल्यापासून माझ्या आजीची कंबरदुखी बरीच सुसह्य झाली, असे ती सांगते, आणि तेव्हापासून मला या विषयाची ओढ लागली. बर्डीवरील एका खासगी संस्थेत ‘होलिस्टिक हीलिंग’चा एक वर्षाचा डिप्लोमा आहे. त्यात रेकी, चुंबक चिकित्सा, ॲक्युप्रेशर आणि इलेक्ट्रोहोमिओपॅथी शिकवतात आणि शेवटी नावाआधी ‘डॉ.’ लावता येते, असे मला तेथे सांगण्यात आले. बाबा मात्र बी.ए.एम.एस.चा, म्हणजे आयुर्वेदाच्या पदवीचा, आग्रह धरतात. मी काय करावे?
— एक विद्यार्थिनी, नागपूर

उत्तर : आधी त्या ‘डॉ.’चा विचार करू, कारण संस्थेने तुम्हाला खरे आमिष तेच दाखवले आहे. मान्यता नसलेल्या पद्धतींचे पूर्णवेळ पदवी किंवा पदव्युत्तर अभ्यासक्रम चालवले जाऊ नयेत आणि ‘डॉक्टर’ ही उपाधी मान्यताप्राप्त पद्धतींच्या चिकित्सकांनीच वापरावी, असे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने 25 नोव्हेंबर 2003 च्या आदेशाने राज्यांना कळवलेले आहे. इलेक्ट्रोहोमिओपॅथीच्या नावात होमिओपॅथी असली, तरी होमिओपॅथीचे जनक हानेमान यांच्या पद्धतीहून ती वेगळी आहे आणि राष्ट्रीय होमिओपॅथी आयोगाच्या कक्षेत येत नाही. ॲक्युप्रेशरचे नाव ऐकून ॲक्युपंक्चर आठवले असेल, तर त्यासाठी महाराष्ट्रात 2015 चा स्वतंत्र कायदा आहे. त्याचा लाभ शेजारच्या खोलीत शिकवल्या जाणाऱ्या इतर उपचारांना आपोआप मिळत नाही. मनाला शांत वाटते म्हणून कोणी रेकी शिकत असेल तर माझी हरकत नाही, परंतु त्या बळावर रुग्णाला औषध सांगणे म्हणजे त्याच्या जिवाशी खेळणे आहे.

बाबांचा आग्रह योग्य दिशेचा आहे, मात्र त्यांनी कदाचित न सांगितलेली एक गोष्ट मी सांगते. बी.ए.एम.एस. म्हणजे जडीबुटी आणि योगासने यांचा सौम्य अभ्यासक्रम नव्हे. प्रत्येकी दीड वर्षाची तीन व्यावसायिक वर्षे आणि त्यानंतर एक वर्षाची आंतरवासिता (इंटर्नशिप), अशी एकूण साडेपाच वर्षे त्यात जातात. पहिल्याच टप्प्यात रचनाशारीरासाठी (शरीररचनेसाठी) शवविच्छेदन असते, त्याच्या जोडीला क्रियाशारीर (शरीराचे कार्य), पदार्थविज्ञान (भौतिकशास्त्र नव्हे, तर आयुर्वेदाची तात्त्विक बैठक) आणि संस्कृतही असते, आणि ज्यांनी दहावीनंतर संस्कृतचे पुस्तक उघडलेले नाही त्यांची अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या प्राचीन ग्रंथातील श्लोकांपुढे पहिले काही महिने चांगलीच दमछाक होते. पुढे द्रव्यगुण (औषधी द्रव्यांचे गुणधर्म), रसशास्त्र (धातू-खनिजांची औषधे), कायचिकित्सा (सर्वसाधारण रोगोपचार), शल्य (शस्त्रक्रिया), प्रसूतितंत्र असा क्रम लागतो. पदवी आणि आंतरवासिता पूर्ण झाल्यावर महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे नोंदणी होते, आणि रुग्ण तपासण्याचा तुमचा अधिकार या नोंदणीतून येतो. भिंतीवर लावलेल्या चौकटीतल्या प्रमाणपत्रातून येत नाही.

नागपुरात यासाठी सक्करदऱ्याचे शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आहे आणि हनुमाननगरात श्री आयुर्वेद महाविद्यालय आहे. गुण मध्यम आहेत म्हणून खचू नका. खुल्या प्रवर्गासाठी ‘नीट’मधील 50 पर्सेंटाइल ही पात्रतेची रेषा आहे, शासकीय जागेसाठी त्याहून बरेच अधिक गुण लागतात, हे मात्र खरे. अखिल भारतीय कोट्याची आणि राज्याच्या सीईटी कक्षाची अशा दोन वेगवेगळ्या प्रवेशप्रक्रिया असतात. अनेक मुली पहिलीच फेरी पाहून हात टेकतात, ती चूक तुम्ही करू नका. होमिओपॅथीची पदवी, म्हणजे बी.एच.एम.एस.ही साडेपाच वर्षांचेच आहे. मात्र ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेने 2015 मध्ये होमिओपॅथीविषयी काढलेला प्रतिकूल निष्कर्ष त्या वाटेने जाणाऱ्याने आधी वाचलेला असावा, असे माझे मत आहे. निसर्गोपचार आणि योग यांची बी.एन.वाय.एस. पदवीसुद्धा तेवढ्याच कालावधीची आहे, पण ती भारतीय वैद्यक किंवा होमिओपॅथी यांपैकी कोणत्याच राष्ट्रीय आयोगाच्या अखत्यारीत नाही. म्हणून पदवी कोणते विद्यापीठ देते आणि नोंदणी कोणत्या परिषदेकडे होते, याचे उत्तर लेखी घेतल्याशिवाय शुल्क भरू नका.

आजीच्या कंबरेविषयी एक शब्द. जुनाट कंबरदुखीत योग उपयोगी पडू शकतो, हे अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सच्या 2017 च्या मार्गदर्शिकेतही नमूद आहे. म्हणजे आजी सांगतात ते केवळ श्रद्धेचे नाही. तपासून पाहण्याची हीच वृत्ती घेऊन महाविद्यालयात जा. सर्पगंधा ही औषधी वनस्पती आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वापरात होती, पण मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रुग्णांच्या रक्तदाबाच्या नोंदी ठेवून 1949 मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये निबंध प्रसिद्ध केला, तेव्हा जगाने तिची दखल घेतली. दुसरी बाजूही लक्षात असू द्या : होमिओपॅथीची पदवी असताना ॲलोपॅथीची औषधे देणाऱ्या चिकित्सकाला सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये निष्काळजीपणाबद्दल दोषी धरले होते.

अर्ज भरण्यापूर्वी परवानगी काढून सक्करदऱ्याच्या रुग्णालयातील बाह्यरुग्ण विभागात दोन-तीन सकाळी बसून पाहा. ती गर्दी, ती खोकल्याची आणि सांधेदुखीची रांग पाहून कंटाळा आला नाही, तर बाबांचे ऐका.

प्रश्न : मी मानेवाड्यात राहणारी, 46 वर्षांची पदवीधर गृहिणी आहे. मला डॉक्टर व्हायचे नाही. वस्तीतल्या बायकांना योग शिकवायचा आहे. काय शिकावे?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : ताई, तुमचा प्रश्न सोपा आहे, कारण आपल्याला काय व्हायचे नाही हे तुम्ही आधीच ठरवले आहे. रामटेकच्या कवि कुलगुरू कालिदास संस्कृत विद्यापीठात योगशास्त्राचे एम.ए. करता येते. एवढे लांबवायचे नसेल, तर आयुष मंत्रालयाच्या योग प्रमाणन मंडळाची परीक्षा द्यावी. प्रशिक्षकाच्या पहिल्या पातळीपासून आरंभ करता येतो. वर्गात येणाऱ्या प्रत्येकीला रक्तदाब, काचबिंदू, मणक्याचा विकार किंवा गरोदरपण आहे का, हे पहिल्याच दिवशी विचारून वहीत लिहून ठेवा. शीर्षासन आणि जोराची कपालभाती यांपैकी काय कोणाला वर्ज्य आहे, हे त्या वहीवरून ठरवा, आणि कोणी गोळ्या बंद करू का असे विचारले, तर तिला तिच्या डॉक्टरांकडे पाठवा.