स्टीलचा हात टायटॅनियमला कितपत चालतो?

तुझा प्रश्न थोडक्यात असा: डिप्लोमा झालाय, बेळगावच्या उद्यमबागेतल्या फोर्जिंग शॉपमध्ये (तापलेलं लोखंड ठोकून घडवायच्या कारखान्यात) चार वर्षं काढलीस, आता जर्मनीत विमानाचे टायटॅनियम फास्टनर (बोल्टसारखे जोडभाग) करणाऱ्या कारखान्याची मुलाखत आहे. स्टीलचा अनुभव तिथं चालेल का, आणि तीन आठवड्यांत काय वाचू?

चालेल की. पण अर्धाच. मी खानापूर तालुक्यातला. उद्यमबागेत सहा वर्षं घण आणि प्रेस बघून इकडं आलो, त्याला आता अकरा वर्षं झाली. आल्यावर पहिलं वर्षभर माझी सगळ्यात मोठी अडचण जर्मन भाषा नव्हती, माझा डोळा होता. आपण बिलेटचा, म्हणजे तापलेल्या ठोकळ्याचा, रंग बघून सांगतो, झाला, टाक डायमध्ये (साच्यात). बाराशे अंशाच्या पिवळ्या लोखंडावर तो डोळा तयार झालेला असतो. थोडं जास्त तापलं तर तापलं, पुढं नॉर्मलायझिंग (पुन्हा तापवून हवेत थंड करणं) आहेच, कण परत बारीक होतात. टायटॅनियम ही माफी देत नाही.

फास्टनरसाठी सगळ्यात जास्त चालतो तो ६ टक्के ॲल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियमचा मिश्रधातू. साधारण ९९५ अंशाला त्याची आतली रचना पूर्ण बदलून ‘बीटा’ होते, त्या तापमानाला बीटा ट्रान्झस म्हणतात. ती रेषा ओलांडली की बीटाचे कण झपाट्याने मोठे होतात आणि थंड होताना आत पट्ट्यापट्ट्यांची रचना तयार होते. थकव्याला (पुन्हापुन्हा ताण सोसण्याला) आणि लवचिकतेला ती वाईट. नुसतं परत तापवून ती जात नाही, खालच्या तापमानाला पुन्हा चांगलं कुटावं लागतं. बोल्ट एकदा बोल्टच्या आकाराला आला की कुटणार कुठं? भंगारच.

आता मुख्य गोष्ट, आणि मुलाखतीत हीच बोल. ती ९९५ ची रेषा सगळ्या बारना सारखी नसते. ऑक्सिजन वाढला की ती वर सरकते, व्हॅनेडियम किंवा लोह वाढलं की खाली येते. दोन हीटमध्ये (हीट म्हणजे एका वेळी वितळवून ओतलेला माल) दहा-पंधरा अंशांचा फरक सहज पडतो. म्हणून चांगल्या टीसीवर, म्हणजे मालाच्या चाचणीच्या दाखल्यावर, त्या हीटचा ट्रान्झस छापलेला असतो आणि फर्नेसचं सेटिंग त्याच्यापासून खाली मोजून ठरतं. आपल्याकडे टीसी म्हणजे फाइलला लावायचा कागद. क्वालिटीवाला कार्बन-मँगनीज बघतो, शिक्का मारतो, झालं. इथं ऑपरेटरसुद्धा तो वाचून मशीनला हात लावतो. हीटला इथं ‘शार्जे’ म्हणतात, तेवढा शब्द लक्षात ठेव.

माझा किस्सा ऐक. हेडिंगवर, म्हणजे बारचं टोक ठोकून बोल्टचं डोकं करायच्या मशीनवर, एक लॉट चालला होता, आदल्या दिवशीपर्यंत माल गुळगुळीत. सकाळी नवीन बार लावले आणि डोक्याच्या कडेला भेगा सुरू. मी खुळ्यागत डायच्या मागं लागलो. पॉलिश केली, वंगण बदललं, दोन तास घालवले. शेजारच्या म्हाताऱ्या कामगाराने एक तुकडा उचलला आणि विचारलं, भेग उभी की तिरकी? तिरकी होती, साधारण पंचेचाळीस अंशांत. तो म्हणाला, मग बारच्या पृष्ठभागावर संशय घेऊ नकोस, धातू वाकायला कंटाळलाय. टीसी काढला तर जुन्या हीटचा ऑक्सिजन ०.१४ टक्के, नव्याचा ०.१९. मर्यादा ०.२०, म्हणजे माल नियमात बसणारा, नाकारता येत नाही. पण ऑक्सिजन वाढला की ताकद वाढते आणि लवचिकता घटते, आणि आमचं इंडक्शनचं (विजेने बार तापवायचं) सेटिंग जुनंच होतं. तापमान थोडं वाढवलं, पंचाचा वेग कमी केला, भेगा थांबल्या.

उभी भेग असती तर गोष्ट वेगळी. बार ओढताना किंवा रोल करताना पडलेली बारीक शिवण डोकं फुगताना उघडते, आणि ती बारच्या लांबीच्या दिशेनेच जाते. तिथं तापमानाशी खेळून उपयोग नाही. माल परत पाठवायचा, नाहीतर घासून वरचा थर काढायचा. म्हणून फास्टनरचा बार बहुधा सेंटरलेस ग्राइंड करून, एडी करंटने (भेगा शोधायच्या विजेच्या चाचणीने) तपासून येतो. घासण्याला आणखी एक कारण आहे. ६०० अंशांच्या वर टायटॅनियम हवेतला ऑक्सिजन पिऊ लागतो आणि वर कडक, ठिसूळ कवच धरतं. स्टीलची पापडी झटकली की गळते, हे कवच धातूतच मुरलेलं असतं.

व्यासाचंही बघ. डोक्यात किती माल जाणार हे बारच्या व्यासावर ठरतं. व्यास एक टक्का वाढला तर त्याच लांबीत माल दोन टक्के वाढतो. मोठ्या फोर्जिंगला ते फ्लॅशमध्ये, म्हणजे डायच्या कडेने बाहेर येणाऱ्या जादा मालात, जातं, इथं बंद डायमध्ये जायला जागाच नसते. डाय फुटते, नाहीतर उलट झालं तर डोक्याची कड भरत नाही.

पंचाच्या वेगाबद्दल का सांगतोय? टायटॅनियममधून उष्णता हळू वाहते, साध्या कार्बन स्टीलच्या जवळपास सातवा हिस्सा. डायला टेकलेला भाग झटकन थंड होऊन ताठरतो. जोरात ठोकलं तर आतल्या अरुंद पट्ट्यात तयार झालेली उष्णता तिथंच अडकते, तो पट्टा मऊ होतो आणि सगळी विकृती त्याच रेषेत घसरते. बाहेरून बोल्ट देखणा, कापून ॲसिडने एच केला (खरवडला) की पांढरी रेघ. तिरकी भेग बहुतेक वेळा याच रेघेवरून निघते. आपल्याकडच्या घणाच्या सवयीला हे पटत नाही, मलाही पटलं नव्हतं.

उष्णतोपचार थोडक्यात: ९५० च्या आसपास धरून लगेच पाण्यात, मग पाचशे-साडेपाचशेला एजिंग (पुन्हा तापवून काही तास धरणं). ओढताना ताकद साधारण ११०० मेगापास्कल आणि कातरताना ६५५ लागते. हा धातू जाड तुकड्यात आतपर्यंत कडक होत नाही, पण फास्टनर बारीकच असतो, म्हणून जमतं. आटे उष्णतोपचारानंतर रोल करतात, डोक्याखालचा फिलेटसुद्धा (डोकं आणि दांडा जुळतो तिथली गोलाई). हायड्रोजनवर मात्र नजर ठेव, मर्यादा १२५ पीपीएमच्या आसपास. ॲसिडच्या टाकीत तो आत शिरतो. निर्वातात तापवून तो काढता येतो, ऑक्सिजन काढता येत नाही. हा फरक मुलाखतीत विचारतातच, मला विचारला होता.

कागदपत्रांचं: पूर्वी डिप्लोमाची समकक्षता न्यूर्नबर्गच्या आयएचके फोसाकडून (परदेशी दाखले तपासणाऱ्या कार्यालयाकडून) काढल्याशिवाय गाडी पुढं जात नसे. मार्च २०२४ पासून आणखी एक वाट आहे. किमान दोन वर्षांचा सरकारमान्य कोर्स, दोन वर्षांचा अनुभव आणि ठरावीक मर्यादेच्या वरचा पगार असेल तर समकक्षतेशिवायही व्हिसा मिळू शकतो. तुझा पगार त्यात बसतो का, हे कंपनीला आधीच विचार. आणि जुन्या दाखल्यावर ‘बेळगाव’, पासपोर्टवर ‘बेळगावी’ असेल तर १ नोव्हेंबर २०१४ ला शहराचं नाव बदलल्याचा कागद सोबत ठेव. इथल्या खिडकीवरच्या बाईंना ही दोन वेगळी गावं वाटतात, आणि सीमाप्रश्न त्यांना समजावत बसायला माझ्याकडे तेव्हा पुरेसं जर्मन नव्हतं.

वाचायचं म्हणशील तर पुस्तकापेक्षा हे कर. तुमच्या शॉपमधल्या एकाच ग्रेडच्या दोन हीटचे टीसी साहेबांना विचारून बघ, आणि फरक काय, त्याने फोर्जिंगवर काय परिणाम झाला असेल, हे दहा ओळींत लिही. स्टीलचे असले तरी चालतील. मला पाठव, रविवारी वाचून कळवतो.