हिवाळ्यात पक्षी बघायचे तर पुण्याहून भिगवणलाच जावं लागतं का? आणि दुर्बीण कोणती घ्यावी?

लागत नाही. दुर्बीण ८×४२ घ्या, म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी, पुढची काच ४२ मिलिमीटरची. १० पटीच्या नादाला लागू नका, हात जरा हलला की पक्षी नाचायला लागतो. झालं तुमचं उत्तर. पण 'भिगवणलाच' हा शब्द मला लागला, म्हणून पुढचं लिहितोय.

मी एका पक्षीनिरीक्षण गटाबरोबर बरीच वर्षं फिरलो. गट चालवणारे सर जाणकार, दोनशे मीटरवरून भोवत्या (हॅरियर, शिकारी पक्षी) ओळखायचे, त्यात वाद नाही. पण त्यांच्या लेखी पाणी म्हणजे धरण आणि पक्षी म्हणजे रोहित, म्हणजे फ्लेमिंगो. यवतच्या पुढे कालव्याच्या अंगाला मुरूम काढून सोडून दिलेल्या खाणी आहेत. पावसाचं पाणी साठतं, वर मुठा कालव्याचा पाझर, त्यामुळे थंडीभर भरलेल्या असतात. एक रविवार तिकडे काढू म्हटलं की सरांचं ठरलेलं वाक्य यायचं, "खाणीत काय असतं? टिटव्या!" आणि बाकीचे हसायचे.

एका वर्षी पाऊस लांबला, भिगवणला लागून असलेलं उजनी धरण जानेवारीतही काठोकाठ होतं. उजनी भरलेली असली की रोहित उतरत नाहीत, उतरून खाणार काय? पाणी ओसरून उथळ चिखल उघडा पडला तरच त्यांना चोच उलटी घालून चरता येतं. भिगवणची फेरी रद्द झाली आणि सर नाइलाजानं माझ्याबरोबर आले.

उजाडायच्या आत गाड्या कालव्यावर लावल्या आणि बांधाबांधानं निघालो. दोन्हीकडून हरभरा वाटेवर आलेला, त्याच्या आंबेनं पँटी गुडघ्यापर्यंत ओल्या आणि पिंडऱ्या चुरचुरायला लागल्या. पुढे ज्वारी हुरड्यात आलेली. माळ्यावर एक मामा गोफण घेऊन बसले होते. गळ्यात दुर्बिणी बघून म्हणाले, "प्लॉट पाडायचेत का रस्ता काढायचाय?" पक्षी बघायला आलोय म्हटल्यावर त्यांनी गोफणीनंच भोरड्यांचा (गुलाबी मैनांचा) थवा दाखवला. मी सांगितलं, मामा, या मध्य आशियातून येतात, तिकडे टोळ खाऊन पिल्लं वाढवतात. मामा म्हणाले, "तिकडं टोळ अन् इथं माझी ज्वारी व्हय?" यावर मला आजही उत्तर सुचलेलं नाही.

हरभऱ्यावरून माँटेग्यूचा भोवत्या गेला, कमरेच्या उंचीवरून, टोळ-नाकतोडे हुडकत. हा शिकारी पक्षी दिवसभर असाच रानावरून फिरतो आणि रात्री गवतात जमिनीवरच झोपतो. धरणाच्या बोटीत बसून हे दिसत नाही, रानातून चालावं लागतं.

खाणीवर पोचलो तर पहिल्या टिटव्याच ओरडल्या. सरांनी माझ्याकडे बघितलं. मी गप्प. मग काठाच्या डबक्यातून हिरवी तुतारी, म्हणजे चिखलाकाठी फिरणारा एक छोटा पाणपक्षी, उठली, शेपटीच्या वरची पांढरी जागा चमकवत आणि किंचाळत. उत्तरेकडच्या दलदलीच्या जंगलात ही झाडावर, कस्तुर पक्ष्याच्या जुन्या घरट्यात अंडी घालते, आणि हिवाळ्यात आपल्याकडे अशा एखाद्या खड्ड्याच्या काठी एकटीच राहते. मोठ्या धरणापेक्षा तिला हेच आवडतं. मधल्या खोल पाण्यात शेंडी बदकं बुड्या मारत होती, उथळ कोपऱ्यात थापट्या बदकं चोचीनं पाणी गाळत होती.

आणि समोरच्या उभ्या कापात, कपारीत, शृंगी घुबड. नारिंगी डोळे आमच्यावर रोखलेले.

सर काही न बोलता कॅमेरा काढून कडेकडेनं उतरायला लागले. मी दंडाला धरलं. शृंगी घुबड घरटं बांधत नाही, कपारीतल्या मातीतच अंडी घालतं, आणि जानेवारी हा त्याच्या विणीचा काळ. मादी उठली की अंडी उघडी. सर म्हणाले, दोनच पावलं. मी म्हटलं, एकही नाही. भर खाणीत आमचं भांडण झालं, मग घुबडच उडून पलीकडच्या कडेला बसलं आणि आम्ही निमूट मागे फिरलो. संध्याकाळी गटावर यादी आली त्यात घुबड नव्हतं. कारण काय, तर फोटो नाही. सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलेला पक्षी फोटो नाही म्हणून बाद! तुतारीही नव्हती. टिटवी होती.

म्हणून सांगतो, कॅमेऱ्याच्या आधी दुर्बीण आणि वही घ्या. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावरसुद्धा नोंद करायला फोटो लागत नाही. पक्ष्याचा फोटो मिळाला नाही म्हणून रुसणाऱ्या माणसांबरोबर फिरू नका, आणि घुबडाची जागा तर कुणालाच सांगू नका. मीही खाण नेमकी कुठली ते म्हणूनच लिहिलेलं नाही, मेसेज करून विचारू नका.

थोडं राहिलं. मुरमाच्या कडा ढासळतात, पाणी एकदम खोल असतं, त्यामुळे एकटे जाऊ नका आणि लहान मुलं नेऊ नका. जिथे डंपर चालू आहेत तिथे पाऊल टाकू नका. शेतात शिरण्याआधी विचारा, कुणी नाही म्हणत नाही, उलट हुरडा मिळतो. भिगवणला जायचंच असेल तर जरूर जा, मी नाही म्हणालेलो नाही. फक्त पाणी उतरलंय का ते तिथल्या कुंभारगावच्या नावाड्यांना आधी फोन करून विचारा, आणि थवा उडवायला बोट पक्ष्यांच्या अंगावर घालू नका म्हणून नावाड्यांना बजावा. अगदीच वेळ नसेल तर लोणी काळभोरजवळ कवडीपाटचा बंधारा आहे. पट्टकादंब हे हंसासारखे पक्षी आणि चक्रवाक बदकं तिथे दिसतात, पण मुळा-मुठेतला सगळ्या शहराचा फेस आणि प्लास्टिक त्यांच्या भोवती तरंगत असतं, वासही येतो. नाकाला रुमाल न्या.