गेममधली गुणपद्धत आक्रमक, सावध आणि हौशी अशा तिन्ही खेळाडूंना कशी पटेल?

तुम्ही मोबाइलसाठी कुस्तीचा गेम करताय. कुणी तुटून पडतो, कुणी सावध खेळतो, कुणाला नुसते नवे डाव करून बघायचे असतात, तर गुण कसे द्यावेत, असं विचारलंय. कोल्हापुरात बसून नेमकं हेच कोष्टक आम्ही दोनदा फाडलंय, म्हणून लिहितो.

डाव किती अवघड आहे ते बघून गुण ठरवू नका. आमच्याकडे एकेरी पटाला (एक पाय धरून पाडायचं) २ आणि ढाक डावाला (कमरेवरून फेकायचं) ५ गुण होते. कागदावर रास्त. पण पट २ सेकंदांत व्हायचा आणि दहात सातदा लागायचा. ढाकेला ५ सेकंद लागायचे आणि ती दहात चारदाच बसायची. म्हणजे पट सेकंदाला ०.७ गुण, ढाक ०.४. वरच्या क्रमांकाचे सगळे नुसता पट काढत सुटले. पट १ गुणावर आणला तर हिशेब ०.३५ झाला आणि अख्खी तालीम ढाकेवर गेली. आकडे हलवून रोग नुसता जागा बदलतो.

उपाय घसरणीचा: तोच डाव लागोपाठ दुसऱ्यांदा केला तर ६० टक्के गुण, तिसऱ्यांदा ३०. इथेही खाच आहे. मधे कुठलाही एक डाव टाकला की पूर्ण गुण परत मिळत असतील, तर लोक पट, पट, फुसका घिस्सा, पट असं चालू करतात. दोन वेगळे डाव यशस्वी झाल्यावरच भाव पूर्ववत करा.

सावध खेळाडूला टिकून राहिल्याचे गुण देऊ नका, तो पळत बसेल. १९७९ च्या अॅस्टेरॉइड्स या व्हिडिओ गेममध्ये मोठा दगड २० गुणांचा आणि शत्रूची लहान उडती तबकडी १००० ची. लोक एखाद-दुसरा दगड मुद्दाम शिल्लक ठेवून तबकड्या टिपत बसायचे. तेव्हा समोरच्याने खरा डाव टाकला आणि तो तोडला, तरच बचावाचे गुण. गादीवरच्या फ्रीस्टाइलमध्ये निष्क्रिय मल्लाला ३० सेकंदांचं घड्याळ लावतात आणि तेवढ्यात कुणालाच गुण मिळाला नाही तर एक गुण समोरच्याला जातो. तो नियम जसाच्या तसा उचला.

आता मुख्य भांडण. आमच्या भागीदाराचा हेका होता की लोकांना एकच आकडा लागतो, सगळं बेरजेत घाला. बेरीज केली की जो रकाना सगळ्यात वेगाने भरतो तीच शैली जिंकते, बाकीच्यांनी गेम काढून टाकायचा. ‘गादीवर तर बेरीजच असते’ हे त्याचं पालुपद. असते, पण १० गुणांनी मागे असलेला सोडला (तिथे कुस्तीच संपते) तर कुणीही चितपट करून कुस्ती मारू शकतो. आणि गुण समान झाले तर आधी मोठ्या गुणांचे डाव, मग कमी ताकिदी, मग शेवटचा गुण बघतात. नुसत्या बेरजेवर गादीचंही भागत नाही. मातीतल्या पारंपरिक निकाली कुस्तीत तर गुणच नाहीत, पाठ लागली की संपलं.

म्हणून आक्रमण, बचाव, वैविध्य असे तीन रकाने ठेवा. प्रत्येकात खेळाडू इतरांच्या तुलनेत शंभरात कुठे बसतो ते काढा आणि त्याचा सगळ्यात वरचा रकाना मोठ्या अक्षरात दाखवा. सुरुवातीला खेळाडू थोडे असतात तेव्हा ही टक्केवारी माकडासारखी उड्या मारते. पहिल्या दोनेकशे लढती होईपर्यंत किती गुणांना शंभरात कुठलं स्थान, हे उंबरठे हाताने ठरवा. सलग डाव लागले की गुण वाढवणारा गुणाकार फक्त आक्रमणाच्या रकान्यात, तोही तिपटीवर थांबवा.

वैविध्याच्या रकान्यात डाव पहिल्यांदा लागला की गुण, नंतर शून्य. एवढं पुरतं.

हे सगळं लढत लांब असेल तरच. दोन मिनिटांत आटोपणाऱ्या गेमला तीन रकाने जड होतात, तिथे एकच आकडा ठेवा. तेवढ्यापुरता भागीदार बरोबर होता. आमची लढत सहा मिनिटांची होती.