परवाना शिकारीचा, अभ्यासक्रम बंदुकीचा

या अंकासाठी निवडलेल्या चार पत्रांपैकी तीन अमेरिकेतील टेक्सस राज्यातून आली आहेत आणि एक यवतमाळ जिल्ह्यातून. चारही पत्रांचा विषय एकच असल्यामुळे उत्तरे एकत्र देत आहे.

प्रश्न : मी प्लेनो येथे एच-१बी व्हिसावर नोकरी करतो. माझे वय ३४ आहे. कार्यालयातील मंडळी दर सप्टेंबरमध्ये होल्यांच्या (कबुतरासारख्या पक्ष्यांच्या) शिकारीला जातात आणि यंदा त्यांनी मलाही बोलावले आहे. शिकारीचा परवाना दुकानात पाच मिनिटांत मिळतो, असे एक जण सांगतो. आधी सुरक्षेचा अभ्यासक्रम करावाच लागतो, असे दुसरा म्हणतो. खरे काय? आणि व्हिसावर असलेल्या माणसाने बंदूक हाती घेतलेली कायद्याला चालते का?

उत्तर : आपले दोन्ही सहकारी बरोबर आहेत, फक्त ते दोन वेगवेगळ्या कागदांविषयी बोलत आहेत. टेक्ससमध्ये परवाना विकत घेताना दुकानदार आपल्याकडे अभ्यासक्रमाचे प्रमाणपत्र मागत नाही. मात्र ज्याचा जन्म २ सप्टेंबर १९७१ रोजी किंवा त्यानंतर झाला आहे, त्याने प्रत्यक्ष शिकार करताना ते प्रमाणपत्र जवळ बाळगले पाहिजे, आणि शेतात येऊन ते तपासण्याचा अधिकार गेम वॉर्डनला, म्हणजे शिकारीचे कायदे राबवणाऱ्या अधिकाऱ्याला, आहे. म्हणजे परवाना खिशात असूनही माणूस गुन्हेगार ठरू शकतो. कॅलिफोर्नियात असे होत नाही, कारण तिथे पहिल्यांदा परवाना घेणाऱ्याला आधी प्रमाणपत्रच दाखवावे लागते. कोलोरॅडोत जन्मतारखेची रेषा १ जानेवारी १९४९ ही आहे. राज्य बदलले की नियम बदलतो, हे ध्यानात असू द्यावे.

आपले वय पाहता अभ्यासक्रम आपल्याला लागू होतो. १७ वर्षे पूर्ण केलेल्या व्यक्तीला तो घरबसल्या ऑनलाइन करता येतो. प्रमाणपत्र आयुष्यभर चालते आणि अमेरिकेतील इतर राज्येही ते मान्य करतात. सप्टेंबरपूर्वी वेळ मिळणार नसेल तर १० डॉलर भरून मुदतवाढ घेता येते. ती आयुष्यात एकदाच आणि त्या एका परवाना-वर्षापुरतीच मिळते. त्या काळात १७ वर्षांवरील, परवानाधारक आणि अभ्यासक्रम केलेला (किंवा वयामुळे त्यातून सूट असलेला) शिकारी आपल्यासोबत हवा. सोबत याचा कायद्यातील अर्थ असा की साध्या आवाजात बोलले तरी त्याला ऐकू गेले पाहिजे. एक जण पाणवठ्याच्या या काठाला आणि दुसरा त्या काठाला, ही सोबत नव्हे.

राज्यात सलग सहा महिने राहिलेल्याला रहिवासी दराने, २५ डॉलरमध्ये परवाना मिळतो. होला हा स्थलांतरित पक्ष्यांत मोडत असल्याने त्यासाठी ७ डॉलरची वेगळी नोंद घ्यावी लागते. बंदुकीत एकूण तीनच काडतुसे बसतील अशी अडकण तिच्या मॅगझिनमध्ये घातलेली असावी, असा अमेरिकेच्या केंद्र सरकारचा नियम आहे. उसनी बंदूक घेणार असाल तर हे मित्राला आधीच विचारावे.

आता व्हिसाचा भाग, आणि तो मी जाणूनबुजून सविस्तर लिहीत आहे. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या परदेशी नागरिकाला बंदूक किंवा काडतुसे जवळ बाळगण्यास मनाई आहे. मित्राची बंदूक काही वेळ हातात घेणे हेसुद्धा बाळगणेच धरले जाऊ शकते. ग्रीन कार्डधारकांना ही मनाई नाही. तात्पुरत्या व्हिसाधारकासाठी जे मोजके अपवाद आहेत, त्यांतला एक म्हणजे अमेरिकेतील कोणत्याही राज्याने रीतसर दिलेला, मुदतीत असलेला शिकारीचा परवाना. म्हणून आपल्या बाबतीत हा कागद शिकारीची परवानगी तर देतोच, शिवाय बंदूक हाती धरण्याचा आधारही तोच असतो. यातून दोन अडचणी उद्भवतात. टेक्ससचा वार्षिक परवाना ३१ ऑगस्टला संपतो. घरी बंदूक असेल आणि परवाना नव्याने घ्यायचा राहून गेला, तर १ सप्टेंबरला अपवादाचे छत्र डोक्यावर उरत नाही. दुसरी अडचण रानडुकरांची. २०१९पासून टेक्ससमध्ये खाजगी जमिनीवर, मालकाच्या संमतीने रानडुकरे मारायला शिकारीचा परवाना लागत नाही, आणि ‘डुकरांना परवाना कशाला?’ असे आपले मित्र अगदी प्रामाणिकपणे सांगतील. त्यांच्यासाठी ते खरेच आहे. आपल्याला मात्र परवाना लागेल, कारण केंद्रीय कायद्यातील अपवाद डुकराशी बांधलेला नाही, परवान्याशी बांधलेला आहे. बंदूक विकत घेण्याचा विचार असेल तर आधी इमिग्रेशन वकिलाचा सल्ला घ्यावा; तासाभराचे शुल्क येथे वाचवू नये.

प्रश्न : माझ्या बारा वर्षांच्या मुलाला शेजाऱ्यांबरोबर हरणाच्या शिकारीला जायचे आहे. आम्ही घरात बंदूक कधी पाहिलेलीही नाही. या अभ्यासक्रमात नेमके शिकवतात काय, आणि तो ऑनलाइन करावा की वर्गात? (एक आई, ह्यूस्टन)

उत्तर : वयाची गोष्ट प्रथम. टेक्ससमध्ये नऊ वर्षांपासून प्रमाणपत्र मिळू शकते. ९ ते १६ वयाच्या मुलाने एकतर अभ्यासक्रम पूर्ण केलेला असावा, नाहीतर वर सांगितलेल्या अर्थाने मोठ्या शिकाऱ्याच्या सोबतीत असावे. माझे मत विचाराल तर दोन्ही करावे, आणि आपणही मुलाबरोबर वर्गात बसावे.

मी स्वतः हा अभ्यासक्रम वर्गात केला, आणि त्यातल्या दोन गोष्टी पडद्यावर पाहून माझ्या डोक्यात शिरल्या नसत्या. प्रशिक्षकांनी बारा गेजच्या (गेज हे नळीच्या रुंदीचे माप, आकडा जितका लहान तितकी नळी रुंद) बंदुकीची सुटी केलेली नळी आमच्यासमोर धरली आणि वीस गेजचे नकली, पिवळे काडतूस तिच्यात सोडले. ते घरंगळत थोडे आत गेले आणि अडकले. मागून पाहिले तर नळी रिकामीच वाटत होती. मग त्यांनी बारा गेजचे लाल काडतूस मागे बसवले. ते अगदी बेमालूम बसले. असा बार उडवला तर नळी हातातच फुटते. वीस गेजची काडतुसे पिवळ्या रंगाची करतात ती याच कारणाने, आणि दोन गेजची काडतुसे एका खिशात ठेवू नयेत हा नियमही त्यातूनच आला आहे.

दुसरी गोष्ट वाहनतळावर झाली. आम्हा तिघांना एका ओळीत, एकमेकांपासून पंचवीस-तीस पावलांवर उभे केले. प्रत्येकाने दूरच्या एका खांबाकडे नजर लावायची, दोन्ही हात बाजूंना पसरून अंगठे वर करायचे आणि नजर न हलवता दोन्ही अंगठे स्पष्ट दिसेपर्यंत हात पुढे आणायचे. दोन हातांमध्ये जो साधारण पंचेचाळीस अंशांचा कोन उरतो, तेवढेच आपले क्षेत्र. पक्षी त्याच्या बाहेर गेला की बंदूक खाली. ऐकायला हे सोपे आहे. पण होला उडत बाजूला जातो तशी नळीही त्याच्यामागे फिरत जाते आणि शेवटी शेजाऱ्यावर येऊन थांबते. टेक्ससमधील शिकारीच्या अपघातांत हे कारण पुन्हा पुन्हा आढळते.

बाकी अभ्यासक्रमाचा कणा चार नियमांचा आहे. प्रत्येक बंदूक भरलेली आहे असेच समजून ती हाताळावी. नळीचे तोंड सदैव सुरक्षित दिशेला असावे. सावज कोणते, आणि त्याच्या पुढे व पलीकडे काय आहे, याची खात्री असल्याशिवाय बार टाकू नये. आणि बार टाकायच्या क्षणापर्यंत बोट चापाबाहेर असावे. काटेरी कुंपण ओलांडताना आधी बंदूक रिकामी करून ती उघडी ठेवायची, नळीचे तोंड आपल्यापासून दूर राहील अशा बेताने ती तारेखालून पलीकडे सरकवायची, आणि मग स्वतः दुसऱ्या ठिकाणाहून पलीकडे जायचे. हरणासाठी झाडावरच्या मचाणावर बसायचे असेल तर अंगभर पट्टे जमिनीवरच बांधून घ्यायचे आणि रिकामी बंदूक नंतर दोरीने वर ओढायची. मचाणावरून पडून होणारे अपघात बंदुकीच्या अपघातांइतकेच गांभीर्याने शिकवले जातात, ही बाब मला फार पटली. सार्वजनिक शिकार-क्षेत्रात भडक नारिंगी रंगाचे किमान ४०० चौरस इंच कापड अंगावर आणि डोक्यावर नारिंगी टोपी लागते. खाजगी जमिनीवर टेक्ससचा कायदा ही सक्ती करत नाही, पण मुलाला हे दोन्ही घालावे. हरणाला तो रंग आपल्यासारखा ठळक दिसत नाही, त्यामुळे शिकारीत काहीच बिघडत नाही.

शेजाऱ्यांना एक प्रश्न जरूर विचारावा : जमीन कोणाची आहे आणि मालकाची संमती घेतली आहे का? राज्यातील ९० टक्क्यांहून अधिक जमीन खाजगी आहे, आणि परवाना म्हणजे कोणाच्याही कुंपणाच्या आत जाण्याची मुभा नव्हे.

प्रश्न : माझे सासरे १९५६ सालचे. ते पर्यटक व्हिसावर येत आहेत. त्यांना अभ्यासक्रम लागेल का?

उत्तर : जन्मतारखेमुळे टेक्ससमध्ये अभ्यासक्रमातून त्यांना सूट आहे, व्हिसाच्या नियमातून मात्र नाही. बंदूक हातात घ्यायची असेल तर आधी बिगर-रहिवासी परवाना घ्यावा. पाच दिवसांचा ४८ डॉलरला मिळतो, पण त्यावर पांढऱ्या शेपटीचे हरिण मारता येत नाही. परवान्याशिवाय त्यांच्या हाती जाणीवपूर्वक बंदूक देणाराही कायद्यात सापडू शकतो, हे जावईबापूंनी विसरू नये. नुसते सोबत बसून पाहायचे असेल तर यातले काहीच लागत नाही.

प्रश्न : टेक्ससमध्ये रोही मारायला परवानगी असते असे भाचा सांगतो. आमच्या तुरीचे आणि कपाशीचे रोही व रानडुकरे अतोनात नुकसान करतात. भाचा तिकडचा अभ्यासक्रम करून आला तर त्या प्रमाणपत्रावर त्याला इथे शिकार करता येईल का? (एक शेतकरी, यवतमाळ जिल्हा)

उत्तर : नाही. भाच्याचे म्हणणे मात्र खरे आहे. आपली नीलगाय, म्हणजेच रोही, १९३०च्या सुमारास दक्षिण टेक्ससमधील किंग रँचवर सोडण्यात आली आणि तिथल्या झुडपी रानात ती चांगलीच फोफावली. परदेशी प्राणी म्हणून परवानाधारकाला ती वर्षभर मारता येते. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी घातली, त्यातील शिकारीच्या परवान्यांची तरतूदही १९९१च्या दुरुस्तीने गेली, आणि त्यामुळे ज्यासाठी प्रमाणपत्र दाखवायचे तो परवानाच आता इथे अस्तित्वात नाही. उभ्या पिकाचे नुकसान करणारा ठरावीक प्राणी मारण्याची लेखी परवानगी त्याच कायद्याच्या कलम ११ खाली मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी प्राधिकृत केलेला अधिकारी देऊ शकतो. तीही ज्याच्या हाती परवान्याची बंदूक आहे अशाच माणसाला उपयोगी पडते. आणि २०१६च्या शस्त्र नियमांनुसार बंदुकीच्या नव्या परवान्यासाठी आपल्याकडेही सुरक्षा-प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र मागतात, ते टेक्ससच्या कागदाने भागत नाही. तेव्हा भाच्याची वाट न पाहता आपण वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडे अर्ज करावा, आणि नुकसान झाल्याबरोबर पंचनामा करवून घ्यावा, कारण भरपाईचा दावा त्याच कागदावर उभा राहतो.